पांढरी तीनची बासरी आणि एकाहत्तरीचा हात

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक. वय ७१. गेली ४५ वर्षं बासरी वाजवतात. गुरूंनी स्वतः निवडून हातात दिलेली पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, लांब) बासरी त्यांच्याकडे अजून आहे आणि रियाज तिच्यावरच चालतो. दोन वर्षांपासून उजव्या हाताची अनामिका सहाव्या छिद्रावर नीट बसत नाही, मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) फुटतो, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि पंधरा-वीस मिनिटांत बासरी खाली ठेवावी लागते. एका कारागिराने ‘जुनी छिद्रं बुजवून नवी पाडून देतो’ असं सांगितलंय. मुलगी म्हणते, इलेक्ट्रॉनिक बासरी घ्या. घरी आठ-दहा मुलं शिकायला येतात. त्यांच्यासमोर लहान बासरी धरायची त्यांना लाज वाटते. ते लिहितात, “वय झालं, त्याला इलाज नाही. पण गुरूंच्या बासरीला भोक पाडायचं की बासरीच सोडायची, एवढं सांगा.”

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही दोन वाटा पुढे ठेवल्यात आणि त्यातली एक निवडून द्या म्हणताय. मला दोन्ही नको आहेत. त्याआधी ‘वय झालं’ या दोन शब्दांपाशी थोडं थांबू या, कारण सगळ्या पत्राचा भार तुम्ही त्यांच्यावर टाकलाय.

मी बासरी शिकायला लागले तेव्हा १९ वर्षांची होते आणि माझा हात लहान आहे. पांढरी तीनच्या बासरीवर माझी अनामिका सहाव्या छिद्रापर्यंत पोचायचीच नाही. पोचली तर मधलं बोट उचललं जायचं. तुम्ही आज जे सोसताय ते मी विशीत सोसलं, आणि तेव्हा ‘वय झालं’ म्हणायची सोय नव्हती. हाताचं माप आणि छिद्रांचं माप जुळत नव्हतं, एवढंच. म्हणून तुमच्या पत्रातल्या दुखण्यापेक्षा त्यातली शरम मला जास्त लागली.

पहिलं काम उद्या सकाळीच करा. बासरीची सहाही छिद्रं साध्या चिकटपट्टीने घट्ट बंद करा. खाली जास्तीचं सातवं छिद्र असेल तर ते मोकळं ठेवा. आता नुसती फुंकर घाला. मंद्र पंचम स्वच्छ आला तर बांबू शाबूत आहे. नाही आला, तर ४५ वर्षांच्या बांबूला कुठेतरी केसाएवढी चीर गेलीय आणि दोन वर्षं तुम्ही उगाच बोटाला बोल लावताय. पंचम आला, तर एकेका छिद्राची पट्टी काढा, तिथे तुमचं बोट ठेवा आणि पुन्हा फुंका. ज्या छिद्रापाशी सूर फुटेल तिथे हवा गळतेय. मंद्र पंचमाला सहाही छिद्रं बंद लागतात, त्यामुळे गळती डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाखाली असली तरी आपला संशय उजव्या अनामिकेवर जातो, कारण दुखतं ती. वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी आणि पातळ होते, तीही हवा सोडते. ओल्या फडक्यावर बोटं टेकवून वाजवून बघा. नुसत्या ओलाव्याने पंचम परत आलेला मी पाहिलाय.

दुसरं काम डॉक्टरांचं. ‘सांधे झिजले असतील’ असं तुम्ही लिहिलंय, पण हात कुणाला दाखवल्याचा पत्रात उल्लेख नाही. अनामिका वाकवल्यावर अडकते आणि मग ‘टक्’ करून सुटते का? तसं असेल तर तो बोटाच्या स्नायुबंधाचा त्रास असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येते का? मग दोष मनगटात शीर दबण्याचा असू शकतो. तळहातात कातडीखाली दोरीसारखी गाठ लागून अनामिका आत ओढली जाते का? तो आणखी तिसराच प्रकार. मधुमेह असेल तर हे तिन्ही जास्त आढळतात. आणि अंगठ्याच्या मुळाशी बरणीचं झाकण उघडताना कळ येत असेल, तर मात्र झीज असण्याची शक्यता खरी. या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि ‘वय’ हा त्यातल्या एकाचाही इलाज नाही. हाताच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाताना बासरी बरोबर न्या. तिथे बसून दोन मिनिटं धरून दाखवा. ‘हात दुखतो’ असं सांगण्यात आणि कोणत्या कोनात, कोणत्या बोटावर भार येतो हे दाखवण्यात फार फरक आहे.

आता बासरीकडे येऊ.

तुमच्या मनात बासरी ही ठरलेली, पवित्र, न बदलणारी वस्तू आहे आणि हाताने तिच्याशी जुळवून घ्यायचं आहे. मला वाटतं, गोष्ट उलटी आहे. ज्या लांब बासरीवर तुम्ही इतकी वर्षं खर्ज लावलात, ती बासरीवादक पन्नालाल घोष यांच्या आधी शास्त्रीय मैफलीत नव्हतीच. त्यांनी वेगवेगळे पदार्थ, वेगवेगळ्या लांब्या वापरून पाहिल्या आणि सुमारे ३२ इंचांच्या बांबूपाशी येऊन थांबले. मंद्रातला तीव्र मध्यम हवा म्हणून सातवं छिद्र आणलं. १९६० साली ते गेले, तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्याही आत होतं. जी परंपरा आपण जपतोय ती मुळात एका वादकाने स्वतःच्या गरजेसाठी वाद्य बदलल्यामुळे उभी राहिली. त्यांना खर्ज हवा होता. तुम्हाला न दुखणारा हात हवाय. ही गरज कमी दर्जाची आहे असं मी मानत नाही.

तरीही गुरूंच्या बासरीला हात लावू नका. यात भावनेपेक्षा बांबूचा विचार जास्त आहे. ४५ वर्षं वाळलेला बांबू तापल्या सळईखाली तडकू शकतो. बुजवलेल्या छिद्राची भिंत आतून मूळच्या नळीसारखी गुळगुळीत राहत नाही. आणि मोजमाप चुकलं तर परतीची वाट नाही. नवी बासरी मात्र चार वेळा चुकवता येते. कारागिराला सांगा, काम तुझ्याकडूनच करून घेणार, पण नव्या बांबूवर.

मापं घ्यायची रीत सांगते. माझ्या लहान हातासाठी मी हीच वापरली. हार्डवेअरच्या दुकानातून बासरीइतक्याच जाडीचा पीव्हीसीचा पाइप आणा. डोळे मिटून तो बासरीसारखा धरा, खांदे सैल सोडा आणि बोटं जिथे पडतात तिथे पडू द्या. छिद्रं कुठे ‘असायला हवीत’ हे मनात आणू नका. घरातल्या कुणाला तरी प्रत्येक बोटाच्या टोकाखाली पेनने खूण करायला सांगा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं तीन दिवस. सकाळचा हात आखडलेला असतो, त्याचंच माप खरं धरायचं. मग तो पाइप गुरूंच्या बासरीशेजारी ठेवा.

तुम्हाला दोन प्रकारचे फरक दिसतील. एक लांबीत : खूण छिद्राच्या वर किंवा खाली. दुसरा गोलाईत : खूण त्याच उंचीवर, पण नळीच्या कडेला सरकलेली. हा दुसरा फरक सूर न बिघडवता भरून काढता येतो आणि हे पुष्कळ वादकांना माहीत नसतं. नळीच्या आतल्या हवेला छिद्र फुंकरेपासून किती अंतरावर आहे हे कळतं, ते वर आहे की बाजूला हे कळत नाही. म्हणजे छिद्र नळीभोवती फिरवलं, तर सूर जागचा हलत नाही. अनामिका मधल्या बोटाहून आखूड असते, तरी आपण सगळी छिद्रं एका सरळ रेषेत पाडतो आणि तिला आयुष्यभर ताणायला लावतो. सहावं छिद्र तळहाताच्या बाजूला थोडं फिरवलं की तिचा बराचसा ताण जातो. माझ्या बासरीवर तिसरं आणि सहावं अशी दोन्ही छिद्रं फिरवलेली आहेत. समोर बसलेल्याला ते दिसतसुद्धा नाही.

यासाठी नवं छिद्र पाडायचीही गरज नाही असा एक प्रकार मिळतो : मध्ये धातूचा जोड असलेली दोन तुकड्यांची बासरी. प्रवासात सोयीची म्हणून लोक घेतात, पण तिचा खरा उपयोग तुमच्यासारख्यांना आहे. जोड तिसऱ्या आणि चौथ्या छिद्राच्या मध्ये असेल, तर खालचा तुकडा जोडात फिरवला की उजव्या हाताची तिन्ही छिद्रं एकदम हव्या त्या कोनात येतात. आज एका कोनात, थंडीत दुसऱ्या. बाकी सगळं सोडून तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल, तर मी अशी बासरी आधी वाजवून बघायला सांगेन.

लांबीतला फरक मात्र फुकट मिटत नाही. छिद्र फुंकरेकडे सरकवलं की त्याचा सूर चढतो. तो उतरवायला छिद्र लहान करावं लागतं. पांढरी तीनच्या बासरीवर सहावं छिद्र पाचेक मिलिमीटर वर घेतलं, तर सूर साधारण एका श्रुतीहून (सुरांमधल्या सगळ्यात लहान अंतराहून) थोडा कमीच चढतो, आणि भोक जरासं लहान केलं की तो जागेवर येतो. याची किंमत काय? लहान छिद्रातून आवाज किंचित मऊ, दबका निघतो आणि तिथून बोट सरकवून घ्यायची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) थोडी कंजूष होते. पण लहान छिद्र झाकायला सोपंही असतं, विशेषतः जे बोट आता सपाट पडत नाही त्याला. पाच मिलिमीटरच्या पुढे ओढाताण करू नका. तिथून पुढे लहान बासरी बरी.

आणि आता ती लहान बासरी, जिची तुम्हाला लाज वाटते.

बासरी एका अर्ध्या स्वराने उंच घेतली की सगळी मापं सुमारे साडेपाच टक्क्यांनी आखडतात. पांढरी चार म्हणजे तेवढी. काळी तीन म्हणजे सुमारे ११ टक्के. पांढरी पाच म्हणजे जवळजवळ १६ टक्के : जिथे दोन बोटांमध्ये साडेतीन सेंटिमीटर अंतर होतं तिथे तीनच्याही आत येतं. सगळेजण पांढरी तीनवरून थेट पांढरी पाचवर उडी मारतात आणि मग ‘आवाज गेला, खर्ज गेला’ म्हणून हळहळतात. मधल्या दोन पायऱ्या कुणी बघतच नाही. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, काळी तीन आणि फिरवलेलं सहावं छिद्र, एवढ्यात तुमचं काम होईल. लांबीत मिळालेले ११ टक्के आणि गोलाईत मिळालेला कोन यांची बेरीज होते.

मुलांना काय वाटेल असं विचारलंत. काका, तुमच्याकडे दहा-बारा वर्षांची मुलं येतात ना? त्यांना तुम्ही पांढरी तीन देता का? नाही देत. त्यांच्या हाताला बसेल अशी देता आणि त्यात त्यांचा अपमान झाला असं तुमच्या मनातही येत नाही. मुलांना मापाची बासरी दिली तर ती शहाणपणाची, आणि स्वतःला दिली तर ती माघार, हा हिशेब मला पटत नाही. शिवाय ज्या मुलांचे हात माझ्यासारखे लहानच राहणार आहेत, त्यांना आपले गुरुजी छिद्रं हाताप्रमाणे पाडून घेतात हे दिसलं, तर ती दहा वर्षं उगाच ताण सोसणार नाहीत. मला हे कुणी वेळेवर दाखवलं नाही, त्याचं दुःख अजून आहे.

चावी, म्हणजे छिद्र झाकणारं झाकण, बसवावी का, हाही प्रश्न तुमच्या कारागिराने काढलाय. पाश्चात्त्य बासरीचा इतिहास याच पेचातून गेला. म्युनिकच्या थिओबाल्ड बोहम यांनी १८३२ आणि १८४७ साली नव्या रचना केल्या त्या अशा, की छिद्रं सुराला हवीत तिथे मोठी पाडायची आणि बोट पोचत नसेल तर चावीने झाकायची. त्यांच्या संगीताला ते मानवलं. आपल्याला उघड्या छिद्रावरून बोटाचं पेर हळूहळू सरकवायचं असतं, शुद्ध मध्यमासाठी तर वरचं छिद्र अर्धंच उघडायचं असतं. चावी हे करू देत नाही. फक्त सहाव्या छिद्रापुरती चावी बसवली, तर मंद्रातल्या धैवत-पंचमामधली मींड जाईल, बाकी सगळं राहील. अनामिका पूर्णच निकामी झाली असती, तर मी हाच सल्ला दिला असता. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

बाजू बदलून वाजवणं हा आणखी एक मार्ग. हरिप्रसाद चौरसियांनी अन्नपूर्णादेवींकडे शिकताना, आपण नव्याने सुरुवात करायला तयार आहोत हे दाखवण्यासाठी उजवीकडची बासरी डावीकडे घेतली, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्या साध्या बासरीची छिद्रं एका रेषेत असल्याने ती दोन्हीकडून धरता येते, आणि मग तुमचा उजवा हात वर येऊन त्याच्यावरचा भार हलका होईल. पण ओठांचं सगळं वळण उलटं शिकावं लागतं. आरशासमोर पंधरा दिवस, रोज दहा मिनिटं करून बघा. गंमत वाटली तर पुढे चालवा, चीड आली तर सोडून द्या.

अंगठ्याबद्दल. मला वाटतं, तुमचं निम्मं दुखणं छिद्रांचं नसून वजनाचं आहे. बासरी आपण ओठ आणि दोन अंगठे यांच्यात तोलून धरतो, आणि बोट नीट बसत नाही असं वाटलं की नकळत अंगठा चिमटा काढल्यासारखा दाबू लागतो. मग बोट आणखी आखडतं. हे चक्र तोडायचं, तर वजन हातावरून काढून घ्या. कॅमेऱ्याच्या तिवईवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा काटा बसवा, त्याला मऊ कापड गुंडाळा आणि बासरीचं खालचं टोक त्यात टेकवा. छिद्र किंवा नळीचं तोंड झाकलं जाणार नाही एवढं बघा. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. आठवड्याने अंगठा सैल झाल्याचं जाणवेल. अंगठ्याखाली बुचाच्या लाकडाचा छोटा तुकडा बसवला तरी पकड रुंद होते आणि सांधा कमी वाकतो. मग सा लावा आणि एकेका बोटाचा दाब कमी करत जा, सूर फुटेपर्यंत. हवा अडवायला किती थोडा दाब पुरतो हे कळल्यावर तुम्हालाही नवल वाटेल.

रियाज एका बैठकीत तासभर नको. पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसातून चारदा. आधी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात. थंडीत सकाळचा रियाज दुपारवर ढकलला तर काही पाप लागत नाही. आणि पत्रात नाही, पण विचारून ठेवते : नवी कवळी बसवली आहे का? तसं असेल तर फुंकरेचा कोनही बदललेला असतो, आणि मंद्र फुटण्याचं खापर उगाच हातावर फुटतं.

मुलीवर रागावू नका. तिला तुमचं कण्हणं ऐकू येतं, म्हणून तिने हाताशी होतं ते सुचवलं. इलेक्ट्रॉनिक बासरीत स्पर्श पुरतो, दाब लागत नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही त्यातून सूर काढता येईल. मला ते तुमच्यासाठी आज योग्य वाटत नाही, कारण तुम्हाला बांबूतून जाणारा स्वतःचा श्वास हवाय. पण पीव्हीसीच्या पाइपवर खुणा करायला तिलाच बोलवा. ते काम तिच्याइतक्या काळजीने दुसरं कोणी करणार नाही. खर्चाची चिंता असेल तर नवा बांबू घेण्याआधी त्याच पाइपला छिद्रं पाडून महिनाभर वाजवा. आवाज बांबूचा नसेल, पण माप खरं की खोटं ते कळेल, आणि चुकलं तर पाइपाचेच पैसे जातील.

राहिली गुरूंची बासरी. ती कपाटात ठेवू नका, बांबूला फुंकर लागते. अधूनमधून आतून तेलाचा हात फिरवा. आणि एक गोष्ट तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत आहे, फक्त दुखण्यापायी विसरलात : सा वाजवायला वरची तीनच छिद्रं बंद लागतात. रे, ग आणि तीव्र मध्यमही त्याच तीन बोटांत. ती तिन्ही तुमच्या डाव्या हाताची आहेत आणि डावा हात दुखत नाही. खालचं टोक तिवईवर टेकवा, उजवा हात मांडीवर ठेवा आणि रोज संध्याकाळी नव्या बासरीला हात लावण्याआधी त्या बासरीवर सा लावा. श्वास पुरेल तितका लांब.